अंगठ्याजवळचा स्क्रू

वार्षिकासाठी लेख मागवल्याची सूचना फळ्यावर लागली आणि दोन दिवसांत आमच्या वर्गातल्या मंडळींनी पाऊस, आई, एस.टी. स्टँड आणि पहिले प्रेम हे विषय आपसांत वाटून घेतले. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो. मराठीच्या सरांनी विचारले, "तू काय लिहिणार? मे महिन्याच्या सुट्टीत काय केलंस?" मी म्हणालो, "सर, सीडीआय निवडला." सरांना वाटले, सीडीआय ही एखादी प्रवेश परीक्षा असावी. "मग पास झालास का?" त्यांनी विचारले. वर्ग हसला, मीही हसलो. त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नाही, ते इथे देण्याचा प्रयत्न करतो.

अष्टागरातल्या एका गावी माझ्या मामाची सुपारीची वाडी आहे. वाडीवर घर भागेना तेव्हा मामीने घरगुती जेवणाची खानावळ काढली आणि मामाने किनाऱ्यावर एटीव्ही आणल्या. मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्यांनी त्या पाहिल्या असतील. चार ढब्बू टायर, मोटारसायकलचे हँडल, आणि वेग वाढवायला मूठ पिळायची नाही तर उजव्या अंगठ्याने एक पट्टी दाबायची. नंबरप्लेट नाही, ही गाडी रस्त्याची नव्हेच. मामाकडे अशा तीन गाड्या. दोन ओझ्याच्या जातीच्या, म्हणजे म्हशीसारख्या संथ, गिअर बदलायला नको. तिसरी मात्र खेळाची: अडीचशे सीसीची, हातक्लचची, पाच गिअरची, पुण्याच्या एका फार्महाऊसवाल्याकडून जुनी विकत घेतलेली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात यंत्राचा दोष काडीचाही नव्हता.

सुट्ट्यांत मी मामाकडे कामाला असतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हेल्मेट घालायचे, बंद सुरू करायचे बटण दाखवायचे, मागे किंवा शेजारच्या गाडीवरून त्याच्याबरोबर जायचे. खेळाच्या गाडीला अंगठ्याच्या पट्टीजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की पट्टी अर्धीच दाबली जाते आणि गाडी मुकाट चालते. बाहेर काढला की पूर्ण दाबली जाते. नवशिक्यासाठी स्क्रू आत ठेवायचा, ही मामाची सक्त ताकीद.

२०२३ च्या दिवाळीत माझ्याच वयाचा एक मुलगा आई-वडिलांबरोबर आला होता. एक फेरी झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, ही पळतच नाही. काहीतरी कर ना." आणि दोनशे रुपये पुढे केले. माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. मामा चहा प्यायला गेला होता. पाच-सहा आटे उलटे फिरवायला दहा सेकंदसुद्धा लागली नाहीत. पुढे, गावचा ओहोळ वाळूतून समुद्राला मिळतो तिथे पाण्याने गुडघाभर काठ कापलेला असतो. ओहोटीला तो लांबून दिसत नाही. गाडी तिथे पोचली तेव्हा वेग किती होता मला माहीत नाही; एवढेच आठवते की आधी आवाज थांबला आणि मग गाडी उलटी पडलेली दिसली. मुलाचे गळ्याजवळचे हाड मोडले. हेल्मेट होते म्हणून तेवढ्यावर निभावले. दवाखान्याचा खर्च मामाने केला. "गाडीचं मशीनच आडदांड आहे," असे मी सगळ्यांना सांगितले. ते दोनशे रुपये माझ्या खिशात तसेच राहिले होते.

त्यानंतर मी एटीव्हीविषयी वाचत सुटलो. अपराधी माणूस वाचतो फार, हे माझ्या लक्षात आले आहे. होंडाने १९७० साली अमेरिकेत तीन चाकांची अशी गाडी विकायला काढली, सुझुकीने १९८२-८३ च्या सुमारास चार चाकांची. मग कंपन्यांत चढाओढ लागली: १९८५ ला सुझुकीची क्वाडरेसर, १९८६ ला होंडाची टीआरएक्स २५० आर, १९८७ ला यामाहाची बॅन्शी. तीनचाकी गाड्या वळणावर इतक्या उलटत, आणि त्यांखाली इतकी माणसे, त्यातही मुले, दगावली की १९८८ मध्ये कंपन्यांनी तिथल्या सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवली. चारचाकी राहिली. तिच्यावर बसलेला माणूस तोच राहिला.

आता मुख्य गोष्ट. २०२४ च्या मे महिन्यात खेळाची गाडी आजारी पडली. थंड असताना एका किकमध्ये चालू व्हायची, पंधरा मिनिटांनी तापली की समुद्राच्या मध्यावर माणूस गप्प बसावा तशी बंद पडायची. अर्ध्या तासाने पुन्हा चालू. मिस्त्रीकाकांनी प्लग बदलला, कॉइल बदलली, मॅग्नेटजवळच्या पिकअपचा रेझिस्टन्स थंड आणि गरम असा दोन्ही वेळा मोजला. सगळे ठीक. शेवटी त्यांनी सीटखालच्या काळ्या डबीवर ओले फडके ठेवले. दोन मिनिटांत ठिणगी परत आली. "डबी गेली," ते म्हणाले. हीच ती सीडीआय.

या डबीचे काम कलाशाखेच्या वाचकांना सांगायला हवे, कारण सारी गोष्ट तिच्यावर आहे. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतो, त्याने कॉइलमध्ये वीज तयार होते. (अलिबागकरांना चुंबकाचे नवल नको. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने नाजूक उपकरणांची मोजमापे बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आमच्याकडे आणली गेली.) ही वीज डबीतल्या कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्टपर्यंत साठते. मॅग्नेटवरचा उंचवटा पिकअपसमोरून गेला की डबीला इशारा मिळतो, ती सगळी वीज एका दमात इग्निशन कॉइलमध्ये सोडते आणि प्लगवर ठिणगी पडते. डबी राळेत ओतून बंद केलेली असते. ती उघडून दुरुस्त करता येत नाही. खाऱ्या हवेने तिच्या पिनांवर हिरवा मोरचूद चढला होता, आत काय झाले होते देव जाणे.

पण कौशल्य ठिणगी पाडण्यात नाही, ती केव्हा पाडायची यात आहे. पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते, म्हणजे जाळाचा पूर्ण जोर पिस्टन खाली निघताना मिळतो. मिनिटाला १५०० फेरे असताना एका फेऱ्याला सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो. ९००० फेरे असताना दीडशेवा. जळायला मात्र सहापट घाई करता येत नाही. आतली हवा जास्त घुसळली जाते म्हणून ज्योत थोडी वेगाने पसरते, तरी ठिणगी आणखी आधी पाडावीच लागते: सावकाश चालताना दहा अंश आधी, तर जोरात असताना तीसच्या आसपास. फार आधी पडली तर इंजिन आतून ठोके देते आणि पिस्टन फुटू शकतो. फार उशिरा पडली तर मिश्रण बाहेर जातानाही जळत राहते, जोर जातो आणि बेंड पाईप तापतो. किती फेऱ्यांना किती अंश, याचा आलेख डबीच्या पोटात कायमचा कोरलेला असतो. आणि ठराविक फेऱ्यांच्या वर गेले की ठिणगीच बंद करायची, हेही तिला ठाऊक असते.

तर अशी नवी डबी घ्यायची होती आणि समोर तीन वाटा होत्या. पहिली, बाजारातली लाल रंगाची, वर इंग्रजीत 'रेसिंग' लिहिलेली, ८०० रुपयांची. किनाऱ्यावरच्या पोरांची हिच्यावर भक्ती, कारण तिला फेऱ्यांची मर्यादाच नाही. एकाने आणून दाखवलीही. प्लग-सॉकेट जुळत होते, पण कागद वाचल्यावर मला दिसले की ती बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालणारी आहे आणि आमची गाडी मॅग्नेटच्या कॉइलवरची. जुळणारे सॉकेट म्हणजे जुळणारी डबी नव्हे. मिस्त्रीकाका खूश झाले. "आर्ट्सवाल्याला ठेवलंय ते बरंय," ते म्हणाले, "इंग्रजी कागद कुणीतरी वाचायला हवा." माझ्या शिक्षणाचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग.

दुसरी वाट, मूळ कंपनीची डबी. ती परदेशातून यायला दीड महिना आणि किंमत आठ हजारांवर. तिसरी, ११,५०० रुपयांची, जिच्या पोटातला आलेख आपण स्वतः लिहायचा. केबलने संगणकाला जोडायची, तक्त्यात आकडे भरायचे, मर्यादाही आपणच ठरवायची.

मी तिसरी घ्यावी म्हणून हट्ट धरला. मामा सुपाऱ्या सोलत बसला होता. म्हणाला, "भाचेबुवा, शर्यतीत जायचंय का कुठे?"

"नाही मामा. गाडी हळू करायची आहे."

तो हसला. "हळू करायला साडेअकरा हजार? अंगठ्याजवळ स्क्रू आहे की, फुकटचा."

या प्रश्नाला माझ्याकडे एक खरे उत्तर होते आणि एक सांगण्याजोगे. सांगण्याजोगे असे, आणि तेही खोटे नव्हते: स्क्रूने गाडीचा घसाच आवळला जातो. इंजिनाला हवा-पेट्रोल कमी मिळते, त्यामुळे सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत गाडी रुतते. मग पोरं स्क्रू सैल करतात, गाडी काढतात आणि पुन्हा आवळायला विसरतात. त्याऐवजी फेऱ्यांना मर्यादा घातली तर खालचा जोर पुरा मिळतो, फक्त वेग चढत नाही. मी हिशेबही मांडून दाखवला: ही गाडी पाचव्या गिअरात ९००० फेऱ्यांना ८० किलोमीटर जाते. ४००० ला ठिणगी तोडली तर पस्तिशीच्या वर जाणारच नाही. आणि ही मर्यादा स्क्रूड्रायव्हरने निघत नाही.

खरे उत्तर एवढेच होते की स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतो.

मामाने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाला, "घे मग." एवढ्या लवकर तो पैशाला कधी हो म्हणत नाही, याचे मला तेव्हा नवल वाटायला हवे होते.

डबी आली तेव्हा पाऊस लागला होता, किनारा बंद झाला होता. पडवीत गाडी उभी करून आम्ही कामाला लागलो. मामेबहिणीचा लॅपटॉप, माझी ट्युटोरियलची वही आणि तिच्यात चिकटवलेला आलेखाचा कागद. पहिल्याच दिवशी डबीने एक प्रश्न विचारला: पिकअपचा इशारा पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी मिळतो? मी पुस्तकातल्या एका आकृतीवरून अंदाजाने आकडा टाकला. पडद्यावर सगळे छान दिसू लागले. १५०० ला १०, २५०० ला २०, ३५०० ला २८. मला वाटले, झाले.

मिस्त्रीकाकांनी मान हलवली आणि टायमिंग लाइट काढला. हा दिवा प्लगच्या वायरला चिमट्याने लावतात. प्रत्येक ठिणगीला तो एकदा चमकतो. पडवीतला दिवा मालवला, मॅग्नेटवरच्या खुणेला खडू लावला आणि त्यांनी झोत टाकला. मिनिटाला दीड हजार वेळा फिरणारे ते चाक अंधारात जागच्या जागी उभे राहिले. मी अनेक कविता वाचल्या आहेत, पण इतके स्तब्ध व्हायला क्वचितच झाले आहे. खूण स्थिर होती, पण जिथे असायला हवी तिथे नव्हती. चांगली सहा अंश पुढे होती. म्हणजे पडदा दहा म्हणत होता तेव्हा ठिणगी सोळाला पडत होती. "कागद काय म्हणतो ते राहू दे," काका म्हणाले, "चाक काय म्हणतं ते बघ." आकडा दुरुस्त केला. खूण सरकून जागेवर आली.

दुसरी चूक मोठी होती आणि ती माझ्या हुशारीची होती. ४००० ला ठिणगी एकदम तोडली तर गाडी हिसका देते, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फटाका वाजतो, नवशिका दचकतो. म्हणून मी ठरवले की ३००० पासूनच ठिणगी हळूहळू उशिरा पाडत न्यावी, म्हणजे गाडी आपोआप मलूल होईल. ४००० ला फक्त ५ अंश ठेवले. चालवून पाहिले तर लोण्यासारखी. मी खूश. दहा मिनिटे मर्यादेला टेकवून ठेवली तोच मामी आतून ओरडली, "अरे, त्या नळीला काय झालं?" संध्याकाळच्या अंधारात बेंड पाईप चुलीतल्या लोखंडासारखा लाल दिसत होता. उशिरा ठिणगी पाडली तर जाळ बाहेर जातो, हे मीच वर शहाणपणाने सांगितले आहे. ते वाचून माहीत होते. दिसले मात्र तेव्हा. एखाद्या लहान मुलाची पोटरी त्याला लागली असती तर काय झाले असते, ते मी त्या रात्री बराच वेळ मनाशी घोळवत बसलो होतो.

मग पुन्हा आलेख काढला. ३८०० पर्यंत ठिणगी जिथे पडायला हवी तिथेच पाडायची, शेवटच्या दोनशे फेऱ्यांत थोडी मागे घ्यायची, आणि ४००० ला एकदम न तोडता मधल्यामधल्या ठिणग्या गाळायच्या. गाडी थोडी फटफटते, थोडी कुरकुरते, पण पाईप काळाच राहतो. आठ दिवस रोज तपासले. मिस्त्रीकाकांनी प्लग काढून त्याचा रंग पाहिला, तो फिकट बदामी होता, आणि "जमलं" म्हणाले. त्यांच्याकडून हा शब्द मिळायला माणसे महिने घालवतात.

शेवटच्या दिवशी प्रश्न निघाला की केबल कुणाकडे राहील. केबल ज्याच्याकडे, त्याच्या हातात गाडीचा वेग. मी ती गुंडाळून मामापुढे धरली. "तूच ठेव," मी म्हणालो, "माझ्याकडे नको."

मामाने ती घेतली, कपाटात खानावळीच्या हिशेबाच्या वह्यांमागे ठेवली, कुलूप लावले. मग पाठ फिरवलेलीच ठेवून म्हणाला, "त्या रात्री स्क्रू मीच परत आवळला. पाच आटे बाहेर होता."

पावसाचा आवाज पत्र्यावर चालू होता. मी काहीच बोललो नाही.

"तू सांगशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "दिवाळी गेली, होळी गेली. मग डबीचं काढलंस, तेव्हा म्हटलं, सांगतोयस वाटतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"मी कशाला बोलू? पोराच्या बापाचा नंबर वहीत आहे. दिवाळीच्या पानावर."

सप्टेंबरात किनारा उघडला. गाडी चालते आहे. रुतत नाही, पळतही नाही. पहिल्याच महिन्यात खेळाच्या गाडीची गिऱ्हाइके कमी झाली. शेजारच्या स्टॉलवर जास्त पळणारी आहे, ते लपून राहत नाही. मामीने एकदा हिशेब करताना साडेअकरा हजारांचा उल्लेख केला, मामाने वही उलटली. दिवाळीत पुन्हा कुणी ना कुणी येऊन म्हणतोच, "भाऊ, काहीतरी कर ना." मी म्हणतो, "केबल माझ्याकडे नाही." त्याला काही कळत नाही, तो निघून जातो.

नंबर लावायला मला ऑक्टोबर उजाडावा लागला. वडिलांचा फोन आईने उचलला. मी कोण ते सांगितले. मुलगा बरा होता, हात वर होत होता, थंडीत थोडे दुखते म्हणाल्या. मी म्हणालो, "काकू, त्या दिवशी गाडीचा दोष नव्हता. स्क्रू मी सैल केला होता." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, फोन ठेवला.

"कसला स्क्रू?" त्या म्हणाल्या.

मग मी पडवीच्या पायरीवर बसलो आणि अंगठ्याच्या पट्टीपासून त्यांना सांगायला सुरुवात केली.